मशीनच्या टिपेवर जाऊ नका: साधारण १८३८ च्या एका सुती झग्याची उसवाउसवी

सुईत_ओवलेली (धागाकर्ती)

मी लँकेशायरमध्ये राहते. दर गुरुवारी इथल्या एका छोट्या संग्रहालयात बिनपगारी मदतीला जाते. माळ्यावरची खोकी खाली आणायची, आतला कपडा टेबलावर पसरायचा, मापं घ्यायची, फोटो काढायचे, वहीत नोंद करायची. बहुतेक वेळा निघतात टेबलक्लॉथ, नाहीतर तान्ह्या बाळांच्या टोप्या. गेल्या महिन्यात मात्र एक झगा निघाला आणि तेव्हापासून माझं घरकामात लक्ष नाही.

छापील सुती कापड. सायीच्या रंगाची जमीन, त्यावर बारीक वेलांच्या उभ्या रांगा, लाल आणि चॉकलेटी. खोक्याला चिठ्ठी होती: 'सुती पोशाख, अं. १८६५, मशीनशिलाई'. ज्यांनी कोणी लिहिली त्यांनी काखेखालची टीप बघितली, मशीनची म्हणून ओळखली आणि खोकं बंद केलं असणार. टीप मशीनचीच आहे, त्यात वाद नाही. पण ती फक्त काखेखाली दोन्ही बाजूंना आणि पाठीला थोडी. बाकी अख्खा झगा हातशिलाईचा! एलायस हाउचं शिवणयंत्राचं पेटंट १८४६ चं, सिंगरचं १८५१ चं, आणि घरोघरी मशीन यायला १८६० चं दशक उजाडलं. म्हणजे टीप साठच्या नंतरची. झगा कधीचा, ते त्या टिपेला विचारून काय उपयोग?

खालून वर जाते. घेराला कापडाचा पन्हा (रुंदी) जेमतेम २५ इंच. असे पाच पन्हे काठाला काठ लावून धावदोऱ्याने जोडलेत, इंचाला सात-आठ टाके. घेर भरतो १२२ इंच. एकही कळी नाही, कुठे तिरका काप नाही, पाचही सरळ आयत. आता हा १२२ इंचांचा घेर २४ इंचांच्या कमरेत बसवायचा कसा? इथे ज्याने कोणी शिवलंय त्याला हात जोडावेसे वाटतात. घेराची वरची कड कापलेली नाही, आत दुमडली आहे. दुमडीच्या पाव इंच खाली एक धावदोरा, त्याखाली दुसरा, आणि दोन्ही ओळींतले टाके बरोबर एकाखाली एक. दोरे ओढले की कापडाच्या उभ्या नळ्या होतात, बासऱ्या शेजारी शेजारी लावल्यासारख्या. मग एकेका नळीचं डोकं पोलक्याच्या खालच्या कडेला एकेका टाक्याने गुंतवायचं. आपण परकराच्या चुण्या नेफ्यात दाबून टीप मारतो, तसं नाही. नळ्या कडेला नुसत्या टेकून असतात, म्हणून घेर कमरेतून एकदम बाहेर उसळतो.

कापड वरून कापलेलं नाही याचा दुसरा फायदा असा की लांबी वरूनच कमीजास्त करता येते. या झग्यात पुढे साडेतीन इंच आत दुमडलंय आणि मागे दीडच, कारण पोलक्याचं टोक पुढे खाली उतरतं. खालची कड चारी बाजूंनी सरळ राहते, वेलांची रांग कुठे तुटत नाही. खाली आतून आठ इंच रुंद तपकिरी सुती पट्टी आणि अगदी कडेला लोकरीची फीत, जमिनीवर घासून झिजायची ती तिने झिजायचं.

पोलक्याला (मी वरच्या भागाला पोलकंच म्हणणार) आतून जाड पांढऱ्या सुती कापडाचं अस्तर. अंगाचा बेत अस्तराला दिलाय, टक्स त्यालाच. छापील कापड त्यावर खांद्यापासून मध्यापर्यंत पंख्यासारख्या चुण्या घेत बसवलंय. पुढे तीन काड्या, एक मध्यभागी आणि दोन टक्सवर. या काड्या देवमाशाच्या जबड्यातल्या, हाताला प्लॅस्टिकसारख्या लागतात. झगा पाठीत उघडतो, म्हणजे घालायला दुसरं माणूस हवंच. गळ्याला, मुंढ्याला (बाही जोडतात त्या घेराला) आणि कमरेला गोट: उरेब, म्हणजे तिरक्या कापलेल्या, पट्टीत घातलेली बारीक दोरी. दिसायला नाजूक, पण ताण येतो तिथे शिवण धरून ठेवणारी तीच. खांद्याची शिवण खांद्यावर नाहीच, मागे सरकलीय. आणि मुंढा खांद्यावरून घसरून दंडावर आलाय.

घोडं अडलंय ते बाह्यांपाशी. बाह्या घट्ट, उरेब कापलेल्या, १८४० नंतरच्या फॅशनच्या. पण दंडाच्या उंचीवर सुयांच्या बारीक भोकांच्या तीन आडव्या ओळी आहेत, ज्यात आता दोरा नाही. भोकांच्या आसपास रंगही पट्ट्यापट्ट्यांनी उडालाय: एक पट्टा फिका, एक ताजा. तिथे पूर्वी चुण्या होत्या आणि चुणीच्या आत दडलेल्या भागाला ऊन लागलं नाही, असा माझा अंदाज.

काखेखाली दोन्ही बाजूंना वरून खाली दोन-दोन इंचांचे तुकडे घालून पोलकं वाढवलंय. ही ती मशीनची टीप. तिथे मुंढ्याचा गोट कापलाय आणि कमरेच्या नळ्या उसवून ढोबळ टाक्यांनी परत बसवल्यात. कमर आता २८ आहे. आणि पाठीला मूळच्या पितळी हुकांच्या शेजारी सहा टिचबटणं! ती तर विसाव्या शतकातली. गावच्या जत्रेत 'पणजीच्या काळातली बाई' म्हणून कोणीतरी मिरवली असणार.

एक कबुली. कमरेला मागे एक दोरा लोंबत होता. सुटा दोरा समजून मी ओढला. तो नळ्यांच्या खालच्या ओळीचा मूळ दोरा निघाला. तीन इंच नळ्या डोळ्यांदेखत सपाट झाल्या. पावणेदोनशे वर्षं टिकलेलं काम मी दोन सेकंदांत सोडवलं. वहीत तसं लिहिलंय, सहीनिशी.

आता मंडळी, दोन प्रश्न. बाह्यांबद्दल तुम्हाला काय वाटतं? आणि तुकडे, टिचबटणं काढून झगा 'मूळ रूपात' आणावा का? आमच्याकडे यावर दोन तट पडलेत.

•

अवखळ_झुळूक

काय सुरेख लिहिलंयस गं! बासऱ्या तर डोळ्यांपुढे आल्या. पण १८३८ कसं काढलंस? १८३० किंवा १८५० का नाही?

•

सुईत_ओवलेली

@अवखळ_झुळूक, बाहीवरूनच. १८३० च्या पुढेमागे इंग्लंडात बाह्या इतक्या फुगल्या होत्या की आत पिसं भरलेल्या उशा बांधत. १८३६ मध्ये तो फुगा एकदम बसला. आधी दंडावर चुण्या घालून आवळला आणि उरलेला फुगा कोपराकडे ढकलला. ही अधलीमधली बाही दोन-चार वर्षंच चालली. १८४० नंतर कोपराचा फुगाही गेला, बाही हाताला चिकटली. माझ्या झग्यात दंडावर चुण्यांच्या खुणा आहेत आणि बाही मात्र घट्ट. म्हणजे शिवताना मधली फॅशन, नंतर कापून नवी. व्हिक्टोरिया गादीवर आली जून १८३७ ला. तिच्या अगदी पहिल्या वर्षांतला झगा म्हणायचा.

•

इचलकरंजीचा_बाणा

कापडाचे फोटो मोठे करून बघितले. माझा धंदा यंत्रमागाचा, प्रोसेसिंगमध्येही पंधरा वर्षं काढली, म्हणून दोन गोष्टी सांगतो.

एक, हे रोलरचं काम आहे, ठशांचं नाही. ठशाच्या कोपऱ्याला जोड जुळवायला खिळे असतात, त्यांचे ठिपके कापडावर राहतात. इथे ठिपके नाहीत आणि वेलाची देठं केसासारखी बारीक. तांब्याच्या रोलरवर नक्षी कोरायची, रोलर रंगात फिरवायचा, वरचा जादा रंग पोलादी पट्टीने खरवडायचा, खाचेत उरेल तो कापडावर. त्या पट्टीला आम्ही आजही 'डॉक्टर' म्हणतो. ताई, तुमच्या तिसऱ्या फोटोत डाव्या बाजूला एक लांबच लांब लालसर रेघ आहे, नक्षीशी काही संबंध नसलेली. डॉक्टरखाली बारीकसा कण अडकला की नेमकी अशी रेघ येते. असला माल आमच्याकडे सेकंडमध्ये जातो! रोलरचं पेटंट थॉमस बेल या स्कॉटिश माणसाचं, १७८३ चं.

दोन, रंग. लाल, चॉकलेटी आणि मध्येच काळसर जांभळी छटा, हे तीन रंग वाटतात. प्रत्यक्षात रंगाची कढई एकच, मंजिष्ठेची. कापडावर आधी छापतात ते औषध, रंग धरवणारं. तुरटीचं असेल तिथे लाल, लोखंडाचं तिथे जांभळं-काळं, दोन्ही मिसळलं की चॉकलेटी. मग सगळं कापड मंजिष्ठेत उकळायचं. ही युक्ती आपल्या कोरोमंडल किनाऱ्यावरच्या छीटवाल्यांची. इंग्रजांनी त्या छिटेला घाबरून १७०० आणि १७२१ ला कायदे करून बंदी घातली, आणि बंदीच्या आडोशाने स्वतः शिकले. 'चिंट्झ' हा त्यांचा शब्दही छीटचाच.

चॉकलेटी भाग जपा. लोखंड कापड खातं.

•

सुईत_ओवलेली

बाणा, तुम्ही ग्रेट आहात. ती रेघ मी डाग समजून वहीत 'डाग' लिहिली होती. आणि हो, चॉकलेटी पानं दोन ठिकाणी गळून गेलीत, पानाच्या आकाराची भोकं पडलीत. आम्ही कसर लागली म्हणत होतो.

•

कोपऱ्यातला_काका

झगा छान. पण कापूस कुठला, ते कोणी विचारणार आहे का? त्या वर्षांत लँकेशायरला येणारा तीन-चतुर्थांशाहून जास्त कापूस अमेरिकेतल्या गुलामांनी वेचलेला. आणि तयार कापड जहाजं भरभरून आपल्याकडे. आमच्या विणकरांच्या पोटावर पाय देऊन झालेल्या कापडाच्या टाक्यांचं कौतुक वाचून अंमळ मजा वाटली.

•

सुईत_ओवलेली

काका, मान्य आहे, आणि संग्रहालयाच्या नव्या नोंदीत 'कापूस बहुधा अमेरिकेचा' हे वाक्य जाणार आहे. पण ज्या बाईने मेणबत्तीच्या उजेडात पाच पन्हे शिवले तिच्या टाक्यांचं कौतुक मी करणारच. तिच्या पोटावर कोणाचा पाय होता ते तिलाच ठाऊक.

•

कोपऱ्यातला_काका

हे पटलं. बसतो गप्प.

(बसणार नाही, पण आज पुरतं.)

•

दोन_लेकरांची_आई

बाजूला तुकडे म्हणजे सरळ आहे की, दिवस गेले असणार! मी माझे सगळे पंजाबी ड्रेस असेच वाढवून घेतले होते.

•

सुईत_ओवलेली

माझाही पहिला विचार तोच. पण काड्या अजून जागच्या जागी आहेत आणि पोलकं पुढून तसंच घट्ट आहे. त्या काळच्या गरोदरपणाच्या, अंगावर पाजायच्या झग्यांना पुढे उघड असते, आतून दोरी असते, सैल करायची सोय असते. इथे तसलं काही नाही, सगळी वाढ काखेखाली. शिवाय दोन शिवणींत वीसेक वर्षांचं अंतर. मला वाटतं अंग बदललं नाही, अंगात घालणारी बदलली.

•

शिंपीमास्तर_सांगली

नमस्कार ताई. मी शिंपी. चाळीस वर्षं लेडीज काम केलं, आता दुकान मुलगा बघतो, मी हे वाचत बसतो.

माझं मत विचाराल तर तुकडे काढावेत. तुकडे घालणाऱ्याने काम वाईट केलंय. मुंढ्याचा गोट असा मधेच छाटायचा? गोट उसवून, तुकडा जोडून, परत फिरवायला अर्धा तास लागतो. माझ्या हाताखालच्या पोराने असं केलं असतं तर मी त्याला चहा आणायला पाठवलं असतं, कायमचं.

पण काढायच्या आधी एक करा. त्या तुकड्यांचा उजेडात धरून, आतून, जवळून फोटो टाका. उभा धागा कसा पडतो ते बघायचंय. फोटो नंबर सातमध्ये तुकड्यावरचा वेल वाकडा चाललाय असं मला दिसतं. शिवणारा कितीही गाढव असला तरी सरळ कापड हाताशी असताना तुकडा तिरका कापत नाही. ज्याच्याकडे तिरकंच कापड उरलंय तो कापतो.

•

अवखळ_झुळूक

मास्तर!!! अंगावर काटा.

•

गोधडीवाली

मास्तरांना काय म्हणायचंय ते कळलं बहुतेक. माझ्या आजीचं चिंध्यांचं बोचकं होतं. त्यात तिच्या लग्नातल्या खणाची काखेकडची कातरण होती, बोटभर. 'कधीतरी लागते' म्हणायची. आणि लागली की, चाळीस वर्षांनी गोधडीला.

लुगड्याला दंड घालायची ती गोष्ट तर इथे सगळ्यांना माहीत असेल. नाही? नव्या मुलींसाठी सांगते. लुगडं नेसून नेसून एका जागी विरतं. मग तेवढा विरलेला भाग आडवा कापून काढायचा आणि उरलेले दोन चांगले तुकडे जोडायचे. त्या जोडाला दंड म्हणतात. आजीच्या लुगड्यांना एक दंड तर असायचाच, निऱ्यांत असा लपवायची की शेजारणीला पत्ता लागत नसे. कोणी 'दंड काढून लुगडं मूळ रूपात आण' म्हणालं असतं तर आजीने काय आणलं असतं? दोन फडकी!

(आणि इथे दंडावरच्या चुण्या उसवून काखेत दंड. मराठी भाषा धन्य आहे.)

•

टिवल्याबावल्या

मी चुकून आलो या धाग्यावर, शीर्षक 'मशीनगन' वाचलं होतं. आता तुकड्याचा निकाल लागेपर्यंत जात नाही.

•

इचलकरंजीचा_बाणा

ताई, फोटो काढाल तेव्हा तुकड्याच्या आणि पोलक्याच्या रंगाची तुलनाही द्या. एकाच ताग्यातलं कापड असेल तर ती डॉक्टरची रेघ तुकड्यातही सापडू शकते. सापडली तर लॉटरी.

•

सुईत_ओवलेली

आज गुरुवार. आत्ताच घरी आले, अंगातला कोटही काढला नाहीये, आधी हे लिहिते.

मास्तर, तुमच्या पायाशी बसून शिकायला हवं. तुकडे दोन्ही उरेब आहेत. पोलक्याच्या पाठीचं, बाजूचं कापड सरळ. झग्यात उरेब कापलेलं फक्त दोन ठिकाणी: गोटाच्या पट्ट्या, ज्या पाऊण इंचाच्या, आणि बाह्या.

मग टेबलाखालून दिवा दिला आणि भिंग घेतलं. डाव्या तुकड्यावर भोकांच्या तीन आडव्या ओळी आहेत. दोरा नाही, नुसती भोकं. ओळीओळींतलं अंतर अर्धा इंच. बाहीवरच्या ओळींतलंही अर्धा इंच. भोकाभोकांतलं अंतर दोन्हीकडे पाव इंचाच्या जरा आत. उजव्या तुकड्यावर ओळी दोनच, तिसरी शिवणीत गेली असावी.

म्हणजे काय झालं बघा. १८३८ च्या सुमारास फुगीर बाही कापली, दंडावर तीन ओळींनी चुण्या घातल्या. तीन-चार वर्षांनी फॅशन फिरली. बाही उतरवली, उसवली, सपाट केली, त्याच कापडातून घट्ट बाही बेतली आणि परत चढवली. तेव्हा दोन्ही कडांना उरलेल्या लांबट कातरणी कोणीतरी टाकल्या नाहीत. वीसेक वर्षं कुठेतरी गुंडाळून ठेवल्या. मग एका जाड अंगाच्या मुलीसाठी झगा बाहेर काढला, तेव्हा त्या कातरणीही निघाल्या. तुकड्यांचा लाल रंग पोलक्यापेक्षा कितीतरी ताजा आहे, कारण ते इतकी वर्षं अंधारात होते.

बाणा, रेघ तुकड्यात नाही. पण उजव्या बाहीच्या आतल्या शिवणीला माया (शिवणीबाहेर सोडलेलं कापड) उलटून बघितली तर तिथे आहे, अर्ध्या इंचाच्या मायेत, दोन इंच लांब.

टिवल्याबावल्या, निकाल लागला. जा आता.

•

टिवल्याबावल्या

नाही जात.

•

जतनवाली

पुण्यात जुन्या कापडांच्या जतनाचंच काम करते, म्हणून बोलते. तुकडे अजिबात काढू नका. मास्तरांची माफी मागून. १८३८ ची बाही आज अस्तित्वात नाही, तिचा जो काही पुरावा उरलाय त्याचा अर्धा भाग त्या काखेतल्या तुकड्यांवर आहे. ते उसवले की बाहीची हकिगत गेली, आणि मागे राहील मशीनच्या भोकांनी चाळणी झालेली कड.

टिचबटणांचं मात्र वेगळं. लोखंडी असतील आणि गंज कापडात उतरत असेल तर ती काढावीच लागतील, कारण गंज थांबत नाही. काढण्याआधी प्रत्येकाचा फोटो, कुठल्या जागेचं ते लिहून, दोऱ्यासकट वेगळ्या पुडीत, झग्याच्याच खोक्यात. धुवायचा विचारही नको. प्रदर्शनात मांडाल तर उजेड ५० लक्सच्या वर जाऊ देऊ नका. आणि मॅडम, लोंबणारा दोरा ओढायचा नसतो. आम्ही सगळ्यांनी एकेकदा ओढलेला असतो.

•

शिंपीमास्तर_सांगली

माफी कशाला. मी तुकडे काढा म्हणालो तेव्हा ते कुठून आले हे ठाऊक नव्हतं. आता काढा म्हणणार नाही. पण गोट छाटला ते वाईटच केलं, त्यावर मी ठाम आहे.

ताई, मला ती मूळची बाही कशी कापली असेल ते बेतून बघायचंय. मुंढ्याचा घेर, बाहीची बाहेरची लांबी, मनगट, आणि त्या तीन ओळी मुंढ्यापासून किती खाली, एवढी मापं टाका.

•

सुईत_ओवलेली

मास्तर, मापं अशी. मुंढ्याचा गोटावरून घेर १६ इंच (तुकड्याचा भाग सोडून १४). बाहीची बाहेरची लांबी २२, मनगट ७. पहिली ओळ मुंढ्यापासून दीड इंच खाली, मग अर्ध्या-अर्ध्या इंचावर बाकीच्या दोन. खांद्याची शिवण गळ्यापासून मुंढ्यापर्यंत साडेसहा इंच.

@जतनवाली, टिचबटणं लोखंडीच निघाली, सहातली चार गंजलेली. तुम्ही म्हणालात तसं चारच काढायचं ठरलंय, दोन राहतील. तुकड्यांवरून आमच्याकडचे दोन्ही तट शांत झाले, सगळ्यांना रांगेने भिंगातून भोकं दाखवली. नवी चिठ्ठी: 'अं. १८३८, अं. १८४२ मध्ये बाह्या बदलल्या, १८६० नंतर मशीनवर वाढवला, २० व्या शतकात टिचबटणं.' जुनी चिठ्ठीही खोक्यातच ठेवली आहे.

मी सोडवलेल्या तीन इंचांचं काय करायचं ते अजून ठरायचंय. मी परत ओवून देते म्हटलं, तर सगळे माझ्याकडे नुसते बघत राहिले.

•

गोधडीवाली

वाचनखुणांत साठवला धागा. त्या बाईची आणि माझ्या आजीची ओळख व्हायला हवी होती.

•

शिंपीमास्तर_सांगली

उशीर झाला लिहायला, पाहुणे होते.

तुमच्या मापांवर मांजरपाटात बेतलं. बाही आधी घट्ट कापली, मग तिच्या दोन्ही कडांना काखेतले तुकडे जोडून मागे मागे गेलो. तेवढ्यावरच दंडापाशी रुंदी २० इंचांवर गेली, आणि तुकड्यांच्या पलीकडे अजून कातरण असणारच, म्हणजे मूळची बाही याहून मोठी. घट्ट बाही तिच्या पोटातून आरामात निघते. उसवून परत कापणाऱ्याने कापड वाया घालवलेलं नाही, हुशार माणूस होता. बाई असेल.

पोलक्याचं अस्तरही शिवलं, खांद्याची शिवण साडेसहा, मुंढा १४, घट्ट बाही चढवली. सौ. ची कमर २४ नाही, त्यामुळे कमर तिच्या मापाने. तिला घालायला दिलं आणि पाठीत टाचण्या लावल्या. म्हणाली, अंगाला छान बसलंय. मग गच्चीत कपडे काढायला गेली. दोन मिनिटांनी हाक आली. हात खांद्याच्या वर जाईना. मुंढा दंडावर आणि बाही घट्ट, हात उचलला की सगळं पोलकंच वर येतं आणि टाचण्या टोचतात. दांडीवरची चादर मला काढावी लागली.

आता मला सांगा ताई, त्या बायका वेणी कशी घालत असतील?

•

सुईत_ओवलेली

मास्तर, आधी वेणी, मग झगा!